आधी ठिपका ठेवू या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. कार्यक्रमानंतर अनेकांनी "हे लिहून द्या" असा आग्रह धरला, म्हणून बोलले तसेच, थोडे नीटनेटके करून स्मरणिकेसाठी देत आहे.)



रौप्यमहोत्सव म्हटला की पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायचा असतो. तो सेक्रेटरींनी मघाशी उत्तम घेतला. मला कमिटीने सांगितलं, "मॅडम, तुम्ही पंधरा मिनिटं बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा." मी विषय ठरवला आणि घरी सांगितला तर आमच्याकडे सगळे हसायला लागले. कारण माझा विषय आहे चित्रं.

हसण्याचं कारण असं, की मी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसले होते आणि नापास झाले होते. माझ्या हातची गाय शेळीसारखी दिसते आणि शेळी कशासारखीच दिसत नाही. दिवाळीत माझ्या दारातली रांगोळी तुम्ही पंचवीस वर्षं बघताय. ती कायम ठिपक्यांची असते, कारण मला दुसरी जमत नाही. तेव्हा मी सुंदर चित्रांबद्दल बोलणार नाही. लाइट बिलाच्या मागे, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला, खडूने जमिनीवर जी वेडीवाकडी चित्रं आपण काढतो आणि नंतर फेकून देतो, त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

मी सहा वर्षं या सोसायटीची सेक्रेटरी होते. त्या काळात मी ढीगभर पत्रं लिहिली, नोटिसा लावल्या. खरं सांगू? त्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांनी भांडणं वाढवली. "आपणांस कळविण्यात येते की" असं वाचलं की माणूस वाचायच्या आधीच चिडतो. ज्या काही गोष्टी माझ्या काळात खरोखर सुटल्या, त्या अशा चित्रांमुळे सुटल्या. त्यातल्या तीन आज सांगते.

पहिली गोष्ट बी विंगच्या ओलीची. जुन्या लोकांना आठवत असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूममध्ये छताच्या कोपऱ्यात ओल आली. भिंतीला पोपडे सुटले. वरच्या ताईंनी त्याच वर्षी बाथरूमचं काम काढलं होतं, त्यामुळे गुन्हेगार कोण हे सगळ्यांच्या दृष्टीने ठरलेलंच होतं. तक्रार आली, मी पत्र दिलं. त्यांचं उत्तर आलं, मी पुन्हा पत्र दिलं. वरच्या ताईंनी बिचाऱ्यांनी नव्या टाइल्स फोडून परत वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पुढच्या पावसात ओल पुन्हा आली, आधीपेक्षा मोठी. मग "यांनी काम केलंच नाही, नुसतं दाखवलं" इथपर्यंत बोलणं गेलं. सात महिने दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा गेलं नाही. मुलांना एकत्र खेळायची बंदी झाली. (दोघींची परवानगी घेऊनच सांगते आहे. त्या बघा, तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसून हसतायत.)

मला काही सुचेना. एका रविवारी मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि त्यावर बी विंग काढली. काढली म्हणजे काय, सात मजल्यांच्या सात आडव्या ओळी आणि मजल्यावर चार फ्लॅट म्हणून चार उभे रकाने. अठ्ठावीस चौकोन. दुसरीतलं पोर काढेल असं. ते पान आणि दोन स्केचपेनं घेऊन मी घरोघरी गेले. प्रत्येक घरी तीनच प्रश्न विचारले: ओल आहे का? कुठल्या भिंतीला? आणि बारा महिने असते की फक्त पावसात? फक्त पावसात असेल तर निळा ठिपका, बारा महिने असेल तर लाल. डाग मोठा असेल तर ठिपका मोठा, लहान असेल तर लहान. सगळी घरं गाठायला दोन रविवार गेले, कारण प्रत्येक घरी चहा झाला.

दुसऱ्या रविवारी रात्री पान समोर धरलं. लाल ठिपके दोनच होते आणि ते तीन नंबरच्या रकान्यात, एकाखाली एक. तो खरोखर बाथरूमचा प्रश्न होता, त्या दोन घरांनी तो आपसात मिटवला. पण निळे ठिपके बघा कुठे होते. सगळे एक नंबरच्या रकान्यात, सगळे बाहेरच्या भिंतीला. सातव्या मजल्यावर मोठा, सहाव्यावर मोठा, तिसऱ्यावर मध्यम, दुसऱ्यावर लहान. मध्ये पाचवा आणि चौथा मजला कोरा.

आता पाणी काही सातव्या-सहाव्यावरून उडी मारून तिसऱ्यावर जात नाही. मी पुन्हा त्या दोन कोऱ्या घरांत गेले. दोन्ही घरांत त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत फर्निचर होतं. पाचव्यावर कपाट, चौथ्यावर बेडच्या मागचं मोठं स्टोरेज. सुताराला बोलावून सरकवलं. मागे काय असणार? पोपडे, बुरशी आणि कुबट वास. चौथ्यावरच्या ताईंच्या लग्नातला शालू त्या बाजूच्या बॅगेत होता, त्याला डाग पडले होते. ज्यांना आपण सात महिने आरोपी समजत होतो, त्यांचं नुकसान सगळ्यांत जास्त झालेलं होतं आणि त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

मी ते पान चौथ्या मजल्यावरच्या डायनिंग टेबलावर ठेवलं आणि खालच्या वहिनींना वर बोलावलं. आल्या, पण चेहरा असा. मी काही बोलले नाही, नुसतं पान पुढे केलं. दोघी त्यावर वाकल्या. थोड्या वेळाने वहिनीच म्हणाल्या, "अगं, म्हणजे हे वरूनच येतंय. तुझ्याही वरून." सात महिन्यांनंतर एकेरीत बोलल्या, मी मनात देवाला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी प्लंबर गच्चीवर चढला. पावसाचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाचा जोड सातव्या मजल्याच्या वर फुटला होता आणि तिथेच भिंतीत पिंपळाचं रोप रुजून बारीक तडा गेला होता. पाऊस आला की पाणी त्या तड्यातून भिंतीच्या आतून खाली उतरत होतं. बांबूची परांची बांधली, जोड बदलला, रोप मुळासकट काढलं, तडा बुजवून घेतला. पुढच्या पावसाळ्यात सगळे निळे ठिपके वाळले. खर्च सोसायटीने केला, कारण बाहेरची भिंत आणि पाइप सगळ्यांचे. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर ताईंच्या टाइल्स वाचल्या असत्या.

नंतर माझ्या मुलीने मला तिच्या नर्सिंगच्या पुस्तकातलं एक पान दाखवलं आणि म्हणाली, "आई, तू केलंस ते दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने केलंय." डॉक्टर जॉन स्नो. लंडनच्या सोहो भागात १८५४ च्या ऑगस्टअखेर कॉलऱ्याची भयंकर साथ आली. सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती, की कॉलरा घाणेरड्या हवेतून, दुर्गंधीतून पसरतो. स्नो यांना संशय होता पाण्यावर. ते घरोघरी गेले, पाणी कुठून भरता ते विचारलं. त्यांच्या नकाशात ज्या घरात मृत्यू झाला तिथे एक काळी रेघ आहे, दोन झाले तर दोन रेघा. शिवाय रस्त्यांवरचे पाण्याचे पंपही दाखवलेले आहेत. रेघांची सगळ्यांत दाट गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती आहे.

मला त्यातलं सगळ्यांत काय आवडलं सांगू? कोऱ्या जागा. त्या पंपाजवळच एक मोठं अनाथालयासारखं वसतिगृह होतं, तिथे पाचशेवर माणसं राहत होती, पण मृत्यू फक्त पाच. कारण त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातल्या कामगारांपैकी कोणीच दगावलं नाही. त्यांना प्यायला कारखान्याचीच बिअर मिळायची, पंपाकडे कोण जातं! (पुरुष मंडळींनी यातून भलता अर्थ काढू नये.) ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकला गेला. प्रामाणिकपणे सांगायचं तर तोवर साथ ओसरायला लागली होती आणि नकाशा छापून आला तोही नंतर. पण "कॉलरा पाण्यातून येतो" हे पुढे जगाला पटवायला तो साधा नकाशा फार उपयोगी पडला. त्यांच्याकडच्या कोऱ्या जागांनी जे केलं, तेच आपल्याकडे पाचव्या आणि चौथ्या मजल्याने केलं. नुसते ठिपके मोजू नका, जिथे ठिपका असायला हवा होता आणि नाही, तिथे जाऊन कपाट सरकवा.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. ही रात्री दोन वाजताची गोष्ट आहे, एप्रिल महिना. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप फुटला आणि पाणी थेट लिफ्टच्या खड्ड्यात. वॉचमन धावत आला. आम्ही सहा-सात जण टॉर्च घेऊन गच्चीवर. तिथे एकूण अकरा व्हॉल्व्ह. कुठला कशाचा? आपल्या प्लंबरमामांना सगळं तोंडपाठ होतं, पण मामा गावाला जत्रेला गेलेले आणि गावात त्यांच्या फोनला रेंज नाही. कोणी म्हणे हा बंद करा, कोणी म्हणे तो. आम्ही नको ते सगळे बंद केले, हवा तो सोडून. पाऊण तासात टाकी रिकामी झाली, सोसायटी कोरडी पडली आणि लिफ्टच्या खाली तळं साचलं.

लिफ्ट बारा दिवस बंद होती. तुम्हा-आम्हाला काय, फार तर गुडघे दुखले. पण सहाव्या मजल्यावरच्या आजींचं डायलिसिस होतं, आठवड्यातून तीन वेळा. आपल्या सोसायटीतली चार मुलं प्रत्येक वेळी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सहा मजले खाली आणायची आणि परत वर न्यायची. एकदा जिन्यात खुर्चीचा पाय घसरला. काही झालं नाही, देवाची कृपा. पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एका माणसाच्या डोक्यात असलेली माहिती कागदावर नव्हती, त्याची ती किंमत होती.

मामा गावाहून आले तेव्हा मी वही घेऊन बसले. "मामा, सांगा." मामा सांगायला लागले, "तो डावीकडचा आहे ना, त्याच्या मागं एक वाकलाय, तो नाय, त्याच्या खालचा..." मला काही झेपेना. मग मी बिल्डिंगचा छापील नकाशा काढला, निळ्या कागदावरचा. त्यात एवढ्या रेघा, की मामाच म्हणाले, "ह्यात आपला पाइप कुठला?" शेवटी मी वहीत माझ्या समजुतीप्रमाणे एक टाकी काढली, तीन रेघा खाली सोडल्या, त्यांच्यावर गोल काढले आणि मामांपुढे धरलं. मामा हसायला लागले. म्हणाले, "मॅडम, सगळं उलटं काढलंय. द्या इकडं." आणि माझ्या हातातली पेन्सिल घेतली. शाळा चौथीत सुटलेला माणूस, पण दहा मिनिटांत त्यांनी अख्ख्या सोसायटीचं पाणी कागदावर उतरवलं. मी बरोबर काढलं असतं तर ते "हां, बरोबर" म्हणून गप्प बसले असते. मी चुकले म्हणून त्यांच्या डोक्यातलं बाहेर आलं. त्या दिवसापासून मला माझ्या एलिमेंटरीच्या निकालाचं दुःख राहिलेलं नाही.

मामांनी काढलेल्या चित्रात एक गंमत होती. कुठलंही अंतर खरं नव्हतं. जो पाइप शंभर फूट जातो तो दोन इंच, आणि जिथे तीन व्हॉल्व्ह एका वितीत आहेत तिथे अर्धं पान. म्हणजे ज्याची गरज आहे तेवढंच मोठं. लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा असाच आहे. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने तो १९३१ मध्ये काढला. त्याआधीचे नकाशे शहरातल्या खऱ्या अंतरांप्रमाणे होते, त्यामुळे मधल्या स्टेशनांची नुसती गिचमीड व्हायची. बेक यांनी सगळ्या रेघा सरळ केल्या: आडव्या, उभ्या किंवा तिरक्या. स्टेशनांमधली अंतरं जवळजवळ सारखी केली. त्यांनी विचार केला, की भुयारातल्या माणसाला वर जमिनीवर काय आहे त्याच्याशी काय देणंघेणं? पुढचं स्टेशन कुठलं आणि गाडी कुठे बदलायची, एवढंच त्याला हवं. साहेबांनी आधी तो नकाशा नाकारला, त्यांना तो फारच वेगळा वाटला. मग १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी उचलून धरला. आपल्या लोकलच्या डब्यात स्टेशनांच्या नावांची सरळ पट्टी लावलेली असते ना, तीच युक्ती. खरा रुळ कुठे किती वळतो हे आपल्याला कोण विचारतंय?

आता पंपरूमच्या भिंतीवर ऑइलपेंटने जो तक्ता रंगवला आहे, तो मामांच्या त्या कागदावरून केलेला. पण त्यातही एक अडचण आली. तेव्हाचा आपला रात्रपाळीचा वॉचमन ओडिशाचा होता. त्याला ना मराठी वाचता येत होतं ना इंग्रजी. म्हणून आपण विंगांना चिन्हं दिली. कुठली द्यायची ते मुलांनी ठरवलं: ए विंगला सूर्य, बी विंगला मासा, सी विंगला झाड. तक्त्यावर मासा आणि व्हॉल्व्हच्या चाकाजवळ टांगलेल्या पत्र्यावरही मासा. ही कल्पना काही माझी नाही, ती आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे. १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात साक्षर माणसं शंभरात साधारण अठरा होती. मग कोट्यवधी लोकांनी मत द्यायचं कसं? प्रत्येक पक्षाला एकेक चित्र दिलं, ओळखीच्या वस्तूचं. अक्षर न येणाऱ्या आजीनेही आपलं मत आपल्या हाताने दिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी रात्री पुन्हा पाइप गेला. त्या ओडिशाच्या मुलाने तक्ता बघून एकट्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि सकाळी मला सांगितलं, "मॅडम, मछली बंद किया." पाणी वाया गेलं ते चार-पाच बादल्या.

आता सगळीच चित्रं खरी बोलतात असं समजू नका. माझी फजिती पण सांगते. पार्किंगच्या जागा वाढवायच्या म्हणून मी पट्टी-पेन्सिल घेऊन आवाराचा छान नकाशा केला, रंगवला, गाड्यांचे चौकोन कापून बसवले. कागदावर नऊ गाड्या जास्त बसल्या. सभेत टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात पट्टे मारले तर तीन गाड्या खांबांमुळे वळेचनात आणि एकीचं दार उघडेना. कागदावरची गाडी वळत नाही आणि कागदावरच्या गाडीला दार नसतं. चित्र जितकं देखणं तितकं लोक त्याला प्रश्न कमी विचारतात, हे मी त्या दिवशी शिकले. पट्टे पुसायचा खर्च अर्थातच माझ्या नावाने ओरडून मंजूर झाला.

ही फजिती तिसऱ्या गोष्टीत कामाला आली. ही गोष्ट ए विंगच्या काकांची. गेटजवळच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी सहाला बसणारे चार मित्र होते, त्यातले उजवीकडचे काका. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे त्यांना सगळं कळायचं, पण तोंडून शब्द यायचा नाही. आला तर भलताच यायचा आणि मग ते स्वतःवरच चिडायचे. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर सगळं ठीक चाललं होतं, फक्त रोज संध्याकाळ झाली की ते अस्वस्थ व्हायचे. हातातलं भिरकावून द्यायचे. काकूंना वाटायचं दुखतंय, गोळी हवी, भूक लागली. रोज संध्याकाळी त्या घरात रडारड.

मी काकूंना एक पुठ्ठा करून दिला. त्यावर पाण्याचा पेला, गोळी, पंखा, संडास, उशी, टीव्ही अशी चित्रं. हॉस्पिटलमध्ये असे तक्ते वापरतात हे मुलीकडून कळलं होतं. दिवसभर त्याचा उपयोग व्हायला लागला. काका बोट ठेवायचे, काकू ते द्यायच्या. पण संध्याकाळी सहाला त्यांनी तो पुठ्ठासुद्धा ढकलून दिला. त्यांना हवं ते त्यात नव्हतंच. आम्ही आमच्या डोक्याने चित्रं काढली होती, त्यांच्या नाही.

तेव्हा मला प्लंबरमामा आठवले. मी कागद काकांच्या पुढ्यात ठेवला आणि पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. फार वेळ लागला. हात थरथरत होता. त्यांनी एक आडवी लांब रेघ काढली, तिच्याखाली दोन लहान उभ्या. काकू म्हणाल्या, "कॉट?" नाही. "टेबल?" नाही. काका परत कागदावर आले आणि त्या रेघेच्या वर एकेक करत गोल काढले. एक, दोन, तीन. थोडी जागा सोडली आणि चौथा काढला. त्या चौथ्या गोलावर त्यांनी पेन्सिल टेकवून ठेवली आणि आमच्याकडे बघत राहिले.

तो कट्टा होता आणि चौथा गोल ते स्वतः.

काकू उठून आत गेल्या. मी तिथेच बसून राहिले.

अडचण लक्षात घ्या, काकांना व्हीलचेअर लागायची. लिफ्ट होती, पण लिफ्टमधून बाहेर आल्यावर पोर्चला दोन पायऱ्या. चार महिने तो माणूस दोन पायऱ्यांमुळे आपल्या मित्रांना भेटला नव्हता. मित्र वर यायचे, पण वर येऊन पाहुण्यासारखं बसणं वेगळं आणि कट्टा वेगळा.

रॅम्पचा विषय मी सभेत आणला. तुम्हाला आठवत असेल काय गदारोळ झाला तो. "एका माणसासाठी?" "पार्किंग जाईल." "दिसायला वाईट." हिशोब साधा होता. चाकाची खुर्ची सुखरूप चढवायची तर उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपल्या दोन पायऱ्या मिळून बरोबर एक फूट. पण "बारा फूट" म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळे बारा फूट. ज्यांची गाडी समोर लागायची त्यांना तर स्वतःची गाडी रस्त्यावर दिसत होती.

यावेळी मी कागदावर काही काढलं नाही. पार्किंगची फजिती आठवत होती. रविवारी सकाळी टेप आणि खडू घेऊन खऱ्या जागेवर खरा रॅम्प काढला, पूर्ण मापाचा. सरळ काढला तर खरोखरच गाडीच्या जागेत चार फूट गेला. ते गाडीवाले भाऊ बाजूला हाताची घडी घालून उभे होते. मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे." हे ऐकल्यावर ते पुढे आले, म्हणाले, "पण भिंतीकडून वळवला तर?" मी खडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी कुंड्यांची रांग आणि दोन स्कूटरच्या जागा धरून भिंतीलगत रेघ मारली. मुलांनी काकांची व्हीलचेअर आणून त्या रेघांमधून ढकलून बघितली. वळणावर अडकली, म्हणून तिथे रुंदी वाढवली. ज्यांचा सगळ्यांत जास्त विरोध होता, त्यांच्याच हाताने काढलेला रॅम्प पुढच्या सभेत एकमताने मंजूर झाला.

काका त्या रॅम्पवरून तीन वर्षं कट्ट्यावर गेले. बोलणं शेवटपर्यंत परत आलं नाही, पण कट्ट्यावर त्यांना बोलावं लागायचं नाही. आता काका नाहीत. आज ज्या आज्या, ज्या बाबागाड्या आणि जी केटररची ट्रॉली त्या रॅम्पवरून इथे आली, त्यांच्यासाठी हे सांगितलं. तो चार गोलांचा कागद काकूंनी देवघराच्या कप्प्यात ठेवला आहे.

वेळ संपत आली, बेल वाजायच्या आत शेवटचं सांगते. मला या सगळ्यात एकच गोष्ट कळली. आपण तोंडाने बोलतो तेव्हा समोरासमोर बसतो आणि बोट एकमेकांकडे असतं. मध्ये कागद ठेवला की दोघं एका बाजूला येतात आणि बोट कागदाकडे जातं. भांडण तेच असतं, पण ते "तू आणि मी" मधून उठून टेबलावर जाऊन बसतं.

म्हणून घरात, ऑफिसात, कमिटीत कुठेही अडलं तर एवढं करून बघा. हाताशी येईल तो कागद घ्या आणि चौकोन, गोल, रेघ, ठिपका एवढ्यावर भागवा. नको ते गाळा. कोऱ्या जागेकडे नीट बघा. जमेल तिथे खऱ्या मापाने जमिनीवर काढा. कागदावर तारीख घाला, नाहीतर दोन वर्षांनी जुनाच तक्ता खरा मानून कोणीतरी भलता व्हॉल्व्ह बंद करील. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पेन्सिल आपल्याच हातात ठेवू नका. ज्याला प्रश्न पडला आहे, त्याच्या हातात द्या.

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आज ना उद्या पुनर्विकासाचा विषय येणारच आहे. तेव्हा चकचकीत रंगीत चित्रं येतील, त्यात झाडं असतील, पोहण्याचा तलाव असेल आणि गोरी गोरी माणसं फिरत असतील. त्या दिवशी माझी एक विनंती लक्षात ठेवा. मिळणाऱ्या नव्या घराचं माप घ्या आणि खाली पार्किंगमध्ये खडूने ते घर पूर्ण मापाचं आखा. त्यात तुमची कॉट ठेवा, आईची आरामखुर्ची ठेवा, संडासाचं दार उघडून बघा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्यातून चालवून आणा. मगच सही करा. खडू मी आणून देईन.

आणि मुलांनो, पंपरूमचा तक्ता आता बारा वर्षांचा झाला आहे. मासा जवळजवळ पुसला गेलाय. गेल्या वर्षी दोन नवे व्हॉल्व्ह बसवले, ते त्यात नाहीत. रविवारी सकाळी नऊ वाजता ब्रश घेऊन खाली या. प्लंबरमामा येणार आहेत. मासा छान आला नाही तरी चालेल, मासा आहे एवढं कळलं म्हणजे झालं.